तंबूत वाढलेला घोडा

मुलांनो, लग्नाच्या वरातीत, पोलिसांच्या संचलनात किंवा माथेरानच्या लाल वाटेवर तुम्ही घोडा पाहिला असेल. इतिहासातील गोष्टी वाचताना 'अरबी घोडा' हे शब्दही तुमच्या नजरेखालून गेले असतील. उमदा, चपळ आणि देखणा घोडा म्हणजे अरबी घोडा, असे आपण सहज म्हणून जातो. हा घोडा मूळचा कुठला, असे कोणी विचारले तर उत्तरही तयार असते : अरबस्तानच्या वाळवंटातला. पण क्षणभर थांबून विचार करा. घोडा हा मूळचा गवताळ माळरानावरचा प्राणी. त्याला चरायला भरपूर गवत लागते आणि दिवसाला पंचवीस ते चाळीस लिटर पाणी लागते. उन्हाळ्यात तर याहूनही अधिक. वाळवंटात इतके गवत कुठले आणि इतके पाणी कुठले ? मग जगातील एक उत्तम घोडा तेथे तयार झाला कसा ?

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी आपण आपल्या पश्चिम किनाऱ्यासमोरचा समुद्र ओलांडून जाऊ. अरबी द्वीपकल्पाच्या पूर्व टोकाला संयुक्त अरब अमिराती हा सात अमिरातींचा देश आहे. अबू धाबी, दुबई, शारजा ही नावे तुमच्या ओळखीची असतील, कारण आपल्याकडील कित्येक कुटुंबांतील माणसे तेथे नोकरीला आहेत. या देशाचा बराचसा भाग वाळूचा आहे. आपल्या माणदेशाला आपण दुष्काळी म्हणतो. तेथे वर्षाला सुमारे पाचशे मिलिमीटर पाऊस पडतो. अमिरातीच्या वाळवंटात त्याच्या पाचव्या हिश्श्याएवढाही पाऊस बहुतेक वर्षी पडत नाही. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या वर चढतो.

शारजा शहरापासून आत, पूर्वेकडे, जेबेल फाया नावाचा उघडाबोडका डोंगर आहे. त्याच्या पायथ्याजवळ म्लेइहा हे ठिकाण आहे. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकापासून पुढे पाच-सहाशे वर्षे येथे एक भरभराटीचे गाव होते. उंटांचे तांडे येथे थांबत, दूरदेशीचा माल येई. येथे नाणी पाडण्याचा दगडी साचाही सापडला आहे. या भागातील नाणी सिकंदराच्या नाण्यांच्या धर्तीवर पाडलेली असत. सिकंदराच्या नाण्यावर आसनस्थ देवाच्या हातावर गरुड असे. येथल्या काही नाण्यांवर मात्र गरुडाच्या जागी घोड्याचा पुढचा भाग दाखवलेला आढळतो.

१९९० च्या दशकात पुरातत्त्वज्ञांना म्लेइहा येथे प्राण्यांची दफनभूमी सापडली. तेथे बहुतेक उंट पुरलेले होते. मालक वारला की त्याच्या कबरीजवळ त्याचे जनावर पुरण्याची प्रथा त्या काळी होती. या उंटांच्या सोबतीला घोडाही निघाला. हाडांबरोबर त्याचा साज होता आणि त्या साजावर सोन्याच्या चकत्या जडवलेल्या होत्या. सुमारे दोन हजार वर्षे तो घोडा सोन्याच्या साजासह वाळूखाली पडून होता. आज तो साज शारजाच्या पुरातत्त्व संग्रहालयात पाहायला मिळतो. म्लेइहा येथेही २०१६ साली माहिती केंद्र सुरू झाले आहे.

आता या एका थडग्यावरून आपल्याला काय कळते ? पहिली गोष्ट अशी की, दोन हजार वर्षांपूर्वी येथे घोडा होता. दुसरी गोष्ट अशी की, तो फार मोलाचा होता. उंट हे रोजच्या कामाचे जनावर. ते अनेक होते. घोड्याला मात्र सोन्याने मढवले होते. जी वस्तू सहज मिळते तिला कोणी सोन्याने मढवत नाही. मात्र एक सावधगिरी बाळगली पाहिजे. हा घोडा म्हणजे आजच्या अरबी घोड्याचा पूर्वजच, असे केवळ त्या थडग्यावरून म्हणता येणार नाही. घोडा असणे वेगळे आणि घोड्याची जात तयार होणे वेगळे. जात तयार व्हायला कित्येक पिढ्यांची निवड आणि जोपासना लागते.

घोडा दुर्मीळ होता, याला जुन्या ग्रंथांचाही दुजोरा मिळतो. स्ट्रॅबो हा ग्रीक भूगोलकार इसवी सनाच्या आरंभीच्या काळात होऊन गेला. अरबस्तानाविषयी त्याने लिहिले आहे, की तेथे इतर पाळीव जनावरे पुष्कळ आहेत; पण घोडे नाहीत. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक व्यापाऱ्याने तांबड्या समुद्रापासून हिंदुस्थानापर्यंतच्या बंदरांची माहिती लिहून ठेवली. 'पेरिप्लस' या नावाने ते पुस्तक प्रसिद्ध आहे. दक्षिण अरबस्तानातील राजांना भेट म्हणून काय न्यावे, हे सांगताना त्याने सोन्याचांदीच्या भांड्यांबरोबर घोड्यांचा उल्लेख केला आहे. म्हणजे ज्या देशातून पुढे जगभर घोडे गेले, त्याच देशात एके काळी घोडे नजराणा म्हणून बाहेरून येत होते !

मग घोडा मुळात माणसाळला कोठे ? या प्रश्नावर शास्त्रज्ञांमध्ये बरीच वर्षे वाद होता. २०२१ साली शास्त्रज्ञांच्या एका मोठ्या गटाने २७३ प्राचीन घोड्यांच्या हाडा-दातांतील आनुवंशिक द्रव्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. आजच्या सर्व पाळीव घोड्यांचे मूळ रशियातील व्होल्गा आणि डॉन या नद्यांच्या खालच्या खोऱ्यातील गवताळ प्रदेशात आहे, असे त्यातून दिसून आले. तेथून इसवी सनापूर्वी सुमारे २००० च्या सुमारास हा घोडा चहूकडे पसरत गेला. पुढे तो पश्चिम आशियात आणि इजिप्तमध्ये पोहोचला. तेथल्या इसवी सनापूर्वी पंधराव्या शतकाच्या आसपासच्या चित्रांत रथाला जुंपलेले घोडे दिसतात. त्यांचे लहानसे डोके, कमानदार मान आणि उंच धरलेले शेपूट पाहून आजच्या अरबी घोड्याची आठवण होते. या सर्व मुलखातून फिरत, हळूहळू, घोडा अरबस्तानात आला. तो वाळवंटाचे लेकरू नव्हता. तो वाळवंटात आलेला पाहुणा होता.

पाहुण्याला घरचा करून घेण्याचे काम तेथल्या भटक्या लोकांनी, म्हणजे बदूंनी केले. कसे, ते पाहण्यासारखे आहे. बदूंचे सारे जीवन उंटावर अवलंबून होते. उंट पाण्यावाचून कित्येक दिवस चालू शकतो, काटेरी झुडपे खाऊन राहतो. घोड्याला हे जमत नाही. म्हणून बदूंनी घोड्याचा भार उंटावर टाकला. उंटिणीचे दूध घोड्याला पाजले. गवत नसेल तेव्हा खजूर चारला. लांबच्या प्रवासात घोडीसाठी लागणारे पाणी उंटाच्या पाठीवर लादून नेले. एका टोळीने दुसरीवर धाड घालायची असली, की स्वार वाटभर उंटावर बसे आणि घोडीला रिकाम्या पाठीने सोबत चालवी. शत्रूचा तळ जवळ आला, की मगच तो घोडीवर मांड टाकी. तिचे सारे बळ त्या शेवटच्या दौडीसाठी राखून ठेवलेले असे.

धाडीसाठी घोड्यापेक्षा घोडी अधिक पसंत केली जाई. रात्री चोरापासून, थंडीपासून वाचवण्यासाठी तिला तंबूत घेत. एकाच छपराखाली मुले झोपत आणि घोडीही उभी राही. ज्या जनावराला मुलांमध्ये राहायचे, ते चावरे, लाथाळ असून कसे चालेल ? तापट जनावराची पैदास पुढे चालवली जात नसे. शांत, समजूतदार आणि माणसाच्या हाकेला ओळखणारे शिंगरूच जपले जाई. अरबी घोडा चपळ असूनही माणसाळू असतो, याचे कारण या तंबूत आहे.

बदूंनी आणखी एक गोष्ट जपली, ती म्हणजे स्मरण. त्यांच्याजवळ वह्या नव्हत्या, कचेऱ्या नव्हत्या. तरी प्रत्येक घोडीची आई कोण, आजी कोण, पणजी कोण हे ते तोंडपाठ सांगत. शिंगराचे कुळ आईकडून मोजले जाई. अशी पाच कुळे विशेष नावाजलेली आहेत : कुहैलान, सक्लावी, उबय्यान, हमदानी आणि हदबान. त्यांना 'अल-खम्सा', म्हणजे 'पाच', असे म्हणतात. त्यांच्याविषयी एक आख्यायिका सांगतात. हजरत पैगंबरांनी तहानलेल्या घोड्यांचा कळप पाण्याकडे सोडला. घोड्या पाण्याजवळ पोहोचण्यापूर्वीच त्यांनी परत बोलावले. बाकीच्या तशाच धावत गेल्या. पाच घोड्या मात्र तहान विसरून मागे फिरल्या. त्याच या पाच कुळांच्या आद्य माता ! ही आख्यायिका आहे, इतिहास नव्हे. पण बदू घोडीच्या कोणत्या गुणाला सर्वांत जास्त मान देत, ते तिच्यातून नेमके कळते.

अशा जोपासनेतून आणि निवडीतून जो घोडा तयार झाला, त्याचे रूप पाहा. उंची बेताची, साधारणतः खांद्यापाशी दीड मीटर. कपाळ रुंद, त्याखाली नाकाडावर हलकासा खोलगट बाक. डोळे मोठे. नाकपुड्या रुंद, त्यामुळे धावताना भरपूर हवा आत घेता येते. केसांचा रंग पांढरा असला तरी खालची कातडी काळी असते. ती प्रखर उन्हापासून त्याचे रक्षण करते. पाठ आखूड, हाडे मजबूत. कमी अंतरावर त्याला हरवणारे घोडे पुष्कळ आहेत. पण मैलोन्मैल एका चालीने जाण्यात त्याची बरोबरी करणारा घोडा विरळा.

असा घोडा सातासमुद्रापार गेला नसता तरच नवल. आपल्या कोकण किनाऱ्याशी तर त्याचा फार जुना संबंध आहे. इराणच्या आखातातील होर्मुझ हे घोड्यांच्या व्यापाराचे मोठे केंद्र होते. आजच्या अमिरातीतील जुल्फार हे बंदरही काही काळ होर्मुझच्याच सत्तेखाली होते. तेराव्या शतकाच्या अखेरीस मार्को पोलो हा इटालियन प्रवासी आपल्याकडे येऊन गेला. ठाण्याविषयी त्याने एक मजेदार माहिती दिली आहे. तेथल्या राजाने समुद्री चाच्यांशी करार केला होता. लुटीत जे घोडे मिळतील ते राजाचे. बाकीचा माल चाच्यांचा! हिंदुस्थानकडे येणाऱ्या बहुतेक जहाजांवर घोडे असत, म्हणून हा करार राजाला परवडे. पुढे सोळाव्या शतकात पोर्तुगिजांनी गोवा घेतल्यावर हा घोड्यांचा व्यापार आपल्या हाती घेतला. विजयनगरला आणि दख्खनच्या सुलतानांना घोडे हवेच असत. एकोणिसाव्या शतकात मुंबई ही अरबी घोड्यांची मोठी बाजारपेठ होती. या देवघेवीबरोबर शब्दही आले. रिकीब, नाल, साईस हे आपण रोज वापरतो ते शब्द मूळचे अरबी आहेत.

पण मार्को पोलोने आणखीही एक गोष्ट लिहून ठेवली आहे आणि ती आपण लक्षात ठेवण्यासारखी आहे. तामीळ किनाऱ्यावरचे राजे दरवर्षी हजारो घोडे विकत घेत आणि त्यातले बहुतेक वर्षभरात मरून जात. कारण काय ? घोड्याची निगा कशी राखावी, हे तेथे कोणाला ठाऊक नव्हते. घोड्यांना शिजवलेला भात आणि मांस खाऊ घालत ! राजांनी सोने देऊन घोडा विकत घेतला. पण घोडा पाळण्याची विद्या सोने देऊन मिळाली नाही.

महाराष्ट्रात मात्र वेगळे घडले. भीमा आणि नीरा या नद्यांच्या काठी पैदास करणाऱ्यांनी अरबी आणि तुर्की घोड्यांचा येथल्या काटक तट्टांशी संकर केला. त्यातून भीमथडी घोडा तयार झाला. हा घोडा दिसायला अरबी घोड्याइतका देखणा नव्हता. पण दख्खनच्या खडकाळ वाटा तुडवणारा, हरभऱ्याच्या चंदीवर आणि मिळेल त्या कडब्यावर भागवणारा होता. मराठ्यांच्या वेगवान स्वाऱ्या याच घोड्यांच्या बळावर झाल्या. पुढे पागा मोडल्या आणि भीमथडीची उपेक्षा झाली. अलीकडच्या वर्षांत मात्र भारतातील स्वतंत्र जात म्हणून तिची शासकीय नोंद झाली आहे.

पश्चिमेकडे गेलेल्या घोड्यांनीही मोठे कार्य केले. १७०४ साली सिरियातील अलेप्पो येथून 'डार्ली अरेबियन' नावाने ओळखला जाणारा घोडा इंग्लंडला पोहोचला. पुढे 'गॉडॉल्फिन अरेबियन' हा घोडाही तेथे आला. हे दोघे आणि 'बायर्ली टर्क' अशा तीन घोड्यांपासून शर्यतीच्या 'थरोब्रेड' घोड्यांचे पितृवंश सुरू झाले. मुंबईच्या महालक्ष्मीला किंवा पुण्याला शर्यतीत धावणारे घोडे याच वंशातले. दुबईच्या राजघराण्याने आपल्या जगप्रसिद्ध तबेल्याला 'गॉडॉल्फिन' हेच नाव दिले आहे.

इकडे वाळवंटात मात्र काळ बदलला. अबू धाबीतून १९६२ साली खनिज तेलाची निर्यात सुरू झाली. १९७१ साली संयुक्त अरब अमिराती हे राष्ट्र उदयाला आले. रस्ते झाले, मोटारी आल्या. ज्या प्रवासाला उंटावरून आठवडा लागे, तो काही तासांत होऊ लागला. धाडी तर केव्हाच थांबल्या होत्या. आता घोडीसाठी पाणी वाहून न्यायचे कोणाला कारण उरले नाही. तंबू गेले, तंबूतली घोडीही जाणार, असे वाटू लागले. पण देशाचे पहिले अध्यक्ष शेख झायेद बिन सुलतान अल नाह्यान यांना घोड्यांची मनापासून आवड होती. १९८० च्या दशकात अबू धाबीत अरबी घोड्यांसाठी राष्ट्रीय संस्था स्थापन झाली आणि वंशावळीची नोंद होऊ लागली. पूर्वी म्हाताऱ्या माणसांच्या स्मरणात असलेली कुळे आता नोंदवहीत आली. दुबईत १९९६ पासून केवळ अरबी घोड्यांसाठी एक मोठी शर्यत भरते. तिचे नाव 'कहायला' असे आहे. कुहैलान कुळातील घोडीला कहायला म्हणतात. सुरम्याला अरबीत 'कुहल' म्हणतात, त्यावरून हे नाव आले. डोळ्यांभोवतीच्या काळ्या कातडीमुळे या घोड्यांनी जणू सुरमा घातला आहे, असे वाटते.

अबू धाबीजवळ अल वथबा येथे लांब पल्ल्याच्या शर्यती होतात. काही शर्यती १६० किलोमीटरच्या असतात, म्हणजे पुण्याहून मुंबईपर्यंतच्या अंतराएवढ्या. त्या टप्प्याटप्प्याने धावायच्या असतात. प्रत्येक टप्प्यानंतर पशुवैद्य घोड्याला तपासतात. घोड्याच्या हृदयाचे ठोके ठरलेल्या वेळात मिनिटाला साधारणतः ६४ पर्यंत खाली आले नाहीत किंवा तो लंगडू लागला, तर त्याला तेथेच थांबवतात. मग स्वाराची कितीही इच्छा असो. वाळूवरच्या या शर्यतींत अरबी घोड्याचे कित्येक पिढ्यांचे शिक्षण कामाला येते.

परंतु जेथे मोठी बक्षिसे येतात, तेथे मोहही येतो. सपाट वाळूवर घोडे बेफाम दौडवले जाऊ लागले. काहींचे पाय मोडले, काही दगावले. अखेर आंतरराष्ट्रीय अश्वक्रीडा महासंघाने २०१५ साली अमिरातीच्या महासंघाला काही महिने निलंबित केले आणि घोड्यांच्या संरक्षणासाठी अधिक कडक अटी घालून मगच परत घेतले. शुद्ध वंशाच्या हौसेलाही किंमत मोजावी लागते. जवळच्या नात्यात पैदास होत राहिल्याने अरबी घोड्यांत एक आनुवंशिक रोग आढळतो. आई आणि वडील दोघांकडूनही हा दोष आला, तर जन्मलेल्या शिंगराला रोगाशी लढण्याची शक्तीच नसते आणि ते काही महिन्यांत दगावते. १९९७ साली या रोगाला कारण असलेला दोष शास्त्रज्ञांनी शोधून काढला. आता साध्या चाचणीने तो ओळखता येतो आणि असा दोष असलेल्या दोन घोड्यांची जोडी जमवणे टाळता येते.

म्हणूनच 'अरबी घोडा वाळवंटाने घडवला' या म्हणण्यात अर्धेच सत्य आहे. वाळवंटाने त्याची कसोटी घेतली. त्याला जगवले ते माणसांनी. स्वतः तहानलेले असताना ज्यांनी घोडीच्या वाट्याचे पाणी बाजूला काढून ठेवले, त्या अनाम स्त्रीपुरुषांची ती करणी आहे. त्यांच्याजवळ सोने नव्हते, पशुवैद्य नव्हते, वातानुकूलित तबेले नव्हते. आज अमिरातीत हे सारे आहे. घोडा मात्र तोच आहे. तो आजही हाक ऐकून मागे फिरतो. त्याच्या या विश्वासाला आपण पात्र आहोत की नाही, हे पाहण्याची जबाबदारी आता माणसाची आहे. मग तो माणूस अल वथबाच्या वाळूवरचा असो, महालक्ष्मीच्या मैदानावरचा असो किंवा माथेरानच्या वाटेवर घोड्यावर बसणारा तुमच्यासारखा एखादा मुलगा असो.

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) म्लेइहा येथे सापडलेल्या घोड्याच्या साजावर काय जडवलेले होते ?
(आ) बदू लोक शिंगराचे कुळ कोणाकडून मोजत ?
(इ) 'कुहल' या अरबी शब्दाचा अर्थ काय ?

२. कारणे द्या.
(अ) धाडीला जाताना बदू स्वार वाटभर उंटावर बसत.
(आ) तामीळ किनाऱ्यावरच्या राजांनी विकत घेतलेले घोडे लवकर मरत.

३. 'तो वाळवंटाचे लेकरू नव्हता. तो वाळवंटात आलेला पाहुणा होता.' या विधानाचा अर्थ पाठाच्या आधारे आठ-दहा ओळींत स्पष्ट करा.

४. घोड्याशी संबंधित असलेले मराठी शब्द, म्हणी आणि वाक्प्रचार गोळा करून त्यांची यादी करा.

५. तुमच्या गावात टांगेवाले, नालबंद किंवा घोडा पाळणारे कोणी असतील, तर घोड्याला दिवसाला किती पाणी आणि कोणता खुराक लागतो, हे त्यांना विचारून लिहा.